प्रोफेसर जोडप्याची गोष्ट आणि थोडं गणित

माझ्या मामेभावाच्या लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या नावाआधी 'प्रा.' होतं आणि नवरीच्या नावाआधीही 'प्रा.' होतं. मामीने ती पत्रिका लॅमिनेट करून कपाटात ठेवली आहे. आजी तर लग्नात येईल त्या पाहुण्याला सांगत सुटली होती, "पोट्टा प्रोफेसर, सून प्रोफेसर, आता आणखी काय पाह्यजे?"

लग्नाला सहा महिने होत नाहीत तोच मे महिना आला. दादाच्या कॉलेजने त्याला रिलीव्ह केलं आणि जूनच्या शेवटी पुन्हा इंटरव्ह्यू घेऊन नवी ऑर्डर दिली. अकरा महिन्यांची. वहिनी काटोलकडे एका सिनिअर कॉलेजमध्ये तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवते. तिला तर उन्हाळ्यात ऑर्डर हा प्रकारच नसतो, तास नाहीत तर पैसे नाहीत. म्हणजे एका घरात दोन प्रोफेसर आणि मे महिन्यात एकही पगार नाही. आजीला हे अजून नीट उमगलेलं नाही. "सुट्ट्यांचा पगार देत नाहीत काय बे मास्तरले?" असं ती मामाला विचारते. मामा पेपर वर करून तोंड झाकतो.

दोघांच्याही कॉलेजची नावं मी इथे लिहीत नाही. कारण साधं आहे, पुढच्या जूनमध्ये दोघांनाही पुन्हा तिथेच जायचं आहे.

आता तुम्ही म्हणाल, हिला आपल्या भावाची गोष्ट मॅगझिनमध्ये छापायची काय गरज पडली? तर मी फायनल इयरला आहे, गेटची तयारी करून राहिली आहे, आणि मला शिकवायला आवडतं. होस्टेलवर ज्युनिअर्सना एम-थ्री शिकवताना मला जे वाटतं ते प्लेसमेंटच्या अ‍ॅप्टिट्यूड टेस्टमध्ये कधीच वाटलं नाही. एम.टेक., मग पीएच.डी., मग प्राध्यापक, असा माझा सरळ हिशोब होता. दादाकडे बघून तो हिशोब गडबडला. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत बसून जरा वाचलं. हे फक्त आपल्या नागपुरात होऊन राहिलं आहे, की सगळीकडे?

आधी घरातूनच सुरुवात करते. मामा १९८४ साली एका अनुदानित कॉलेजमध्ये केमिस्ट्रीचा लेक्चरर म्हणून लागला. परमनंट झाला, वेतन आयोग आले तसा पगार वाढला, रिटायर झाल्यावर पेन्शन सुरू झाली. तो काही फार मोठा संशोधक नव्हता, हे तो स्वतःच सांगतो. एकच नोट्स पंधरा वर्षं वापरणारे सहकारी त्याच्या स्टाफरूममध्ये होते आणि त्यांना कोणी काही म्हणू शकत नव्हतं. जुन्या व्यवस्थेत सगळं सोन्यासारखं होतं असं समजायचं कारण नाही. पण मामा एकाच कॉलेजात तेहतीस वर्षं राहिला. त्याच्या हाताखाली शिकलेल्यांची मुलंही पुढे त्याच्याच वर्गात बसली, आणि कोणालाही सर्टिफिकेटवर सही हवी असली की मामा कुठे सापडेल हे माहीत असायचं.

दादाच्या पिढीसाठी दारं एकेक करून बंद झाली. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्यात नव्याने लागणाऱ्यांची जुनी पेन्शन गेली. (मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांचा आठवडाभर संप झाला तो याच मुद्द्यावर.) मग पदं भरणंच अडकत गेलं. मे २०२० मध्ये कोरोनामुळे सरकारने नवी भरती थांबवली. नोव्हेंबर २०२१ मध्ये अनुदानित कॉलेजांसाठी सहायक प्राध्यापकांच्या २,०८८ पदांना मंजुरी मिळाली, तेव्हा वहिनीसारखे नेट-सेट झालेले हजारो जण तिकडे डोळे लावून बसले होते. आपलं नागपूर विद्यापीठ १९२३ सालचं. शंभरीच्या वर्षात, जानेवारी २०२३ मध्ये, १०८ वी इंडियन सायन्स काँग्रेस इथे भरली. मीही बघायला गेले होते. मांडव झकास होता, गर्दी होती, देशभरातले शास्त्रज्ञ आले होते. आणि ज्या विभागांच्या जिवावर विद्यापीठ चालतं, त्यांतल्या कितीतरी मंजूर खुर्च्या तेव्हा रिकाम्या होत्या.

रिकाम्या खुर्चीचे तास कोणीतरी घ्यावेच लागतात. ते घेतो सीएचबीवाला, म्हणजे क्लॉक अवर बेसिसवाला. मराठीत तासिका तत्त्व. शब्द मोठा भारदस्त आहे, पण अर्थ रोजंदारीच्या जवळ जाणारा.

इथे आपल्या इंजिनिअरिंगच्या सवयीप्रमाणे गणित करून बघू. यूजीसीची २०१८ ची नियमावली सांगते की पूर्णवेळ शिक्षकाचं काम आठवड्याला किमान ४० तास, वर्षाला ३० आठवडे. त्यातले सहायक प्राध्यापकाने प्रत्यक्ष वर्गात शिकवायचे तास १६. मग उरलेले २४ तास कशासाठी? तयारी, पेपर तपासणी, प्रॅक्टिकलची मांडणी, प्रोजेक्ट गाईड करणं, स्वतःचं संशोधन, आणि कॉरिडॉरमध्ये "सर, एक डाऊट होता" म्हणणारे आपण. परमनंट माणसाला पगार ४० तासांचा मिळतो. तासिकेवाल्याला पैसे फक्त वर्गातल्या तासाचे. २४ तासांचं काम नाहीसं होत नाही, फक्त त्याचे पैसे नाहीसे होतात.

रुपयांतही करून बघू. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सहायक प्राध्यापकाचा सुरुवातीचा मूळ पगार ५७,७०० रुपये, भत्ते वेगळे. यूजीसीने २०१९ मध्ये अतिथी शिक्षकासाठी तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० अशी मर्यादा सांगितली. आपल्या राज्यात मात्र दर वर्षानुवर्षं काही शेकड्यांतच घुटमळत राहिला. समजा तासाला ६०० रुपये आणि आठवड्याला ९ तास धरले, तर चार आठवड्यांचे होतात २१,६००. तेही वर्ग झाले तर. दिवाळी, परीक्षा, गॅदरिंग, निवडणुकीची सुट्टी, सगळं वजा. वहिनी नागपूर-काटोल एसटीने जाते-येते, ते भाडंही यातूनच. बिल मंजूर होऊन हातात पडायला कधीकधी चार-पाच महिने लागतात. वहिनी एका दोनशे पानी वहीत प्रत्येक तासाची तारीख, वर्ग आणि टॉपिक लिहून ठेवते, कारण नंतर एकेका तासाचा हिशोब द्यावा लागतो.

आता दादाकडे, म्हणजे आपल्याच बाजूला येऊ. नागपुरात एकेकाळी इंजिनिअरिंग-टेक्नॉलॉजी म्हटलं की दोनच नावं होती, १९४२ सालचं एलआयटी आणि १९६० सालचं व्हीआरसीई, जे आता व्हीएनआयटी आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि पुढच्या वर्षापासूनच नागपूरच्या चारी बाजूंना कॉलेजं उभी राहू लागली. तसं झालं नसतं तर माझ्यासारखीला इंजिनिअर होता आलं नसतं, हे मी विसरत नाही. पण विनाअनुदानित म्हणजे पगाराला सरकारी पैसा नाही. पगार निघतो आपल्या फीमधून.

हे चक्र कसं फिरतं ते मला आधी माहीत नव्हतं. कॉलेज आपला खर्च दाखवतं, त्यात मोठा वाटा शिक्षकांच्या पगाराचा असतो, आणि तो बघून शुल्क नियामक प्राधिकरण फी ठरवतं. त्या फीतला बराच भाग मागासवर्गीय, ओबीसी, ईबीसी विद्यार्थ्यांसाठी सरकार भरतं. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची पूर्ण ट्यूशन फी सरकारकडे गेली. माझीही त्यातच. आमच्या घरात त्या दिवशी पेढे वाटले. पण हे पैसे महाडीबीटीवरून येतात ते हप्त्याहप्त्याने, त्यांच्या सवडीने. दादाच्या कॉलेजात पगार अडकला की नोटीस बोर्डावर कारण ठरलेलं असतं, स्कॉलरशिपची रक्कम शासनाकडून अप्राप्त. दादा मला हसत म्हणाला, "तुझी फी आली की माझा पगार होईल." मला काही हसू आलं नाही.

त्यात २०१८ मध्ये एआयसीटीईने शिक्षक-विद्यार्थी प्रमाण १:१५ वरून १:२० केलं. ६० सीट्सच्या ब्रँचमध्ये चार वर्षांचे मिळून २४० विद्यार्थी. भागाकार करा. आधी १६ शिक्षक लागायचे, आता १२ पुरतात. एका ब्रँचमागे चार माणसं कागदावरच कमी झाली. अभ्यासक्रम तितकाच राहिला, लॅबच्या बॅचेस तितक्याच राहिल्या. नंतर सीट्सवरची मर्यादाही उठली आणि कॉम्प्युटरच्या ब्रँचेस फुगल्या, सिव्हिल-मेकॅनिकलला मुलं मिळेनात. दादा मूळचा मेकॅनिकलचा, थर्मलमध्ये एम.टेक. गेल्या वर्षी त्याने फर्स्ट इयरला पायथॉन शिकवलं. रात्री स्वतः यूट्यूब आणि एनपीटीईएल बघायचा आणि सकाळी वर्गात उभा राहायचा. चांगलं शिकवलं असणार, माणूस मेहनती आहे. पण त्याची पीएच.डी. हीट एक्स्चेंजरवर आहे आणि ती तिथेच थांबली आहे.

आणि फाईली! हा एक वेगळाच विषय आहे. २०१० च्या यूजीसी नियमांनी एपीआय आणला. पेपर छापला की पॉइंट, सेमिनारला गेलं की पॉइंट. मग पैसे घेऊन वाट्टेल ते छापणारी जर्नल्स पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. त्यांना आवर घालायला यूजीसीने केअर यादी काढली आणि २०२५ मध्ये तीही बंद केली. मधल्या काळात नॅक, एनबीए, एनआयआरएफ सगळ्यांच्या फाईली सुरूच. कमिटी येणार असली की दादा पंधरा दिवस रात्री नऊला घरी येतो. त्या पंधरा दिवसांत मुलांचं काय होतं, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "मुलांचे फोटो फाईलमध्ये लावून राहिलो ना."

इथवर वाचून वाटेल की हा आपल्या व्यवस्थेचा दोष, तिकडे फॉरेनला सगळं व्यवस्थित असेल. एमएसला जायचं स्वप्न बघणाऱ्या आपल्या वर्गातल्या निम्म्या लोकांना तसंच वाटतं. मलाही वाटायचं.

अमेरिकेत प्राध्यापकांच्या नोकरीला एक मोठं कवच होतं, टेन्युअर. काही वर्षं पारखून घ्यायचं आणि मग योग्य कारण असल्याशिवाय काढायचं नाही, म्हणजे तो माणूस न घाबरता शिकवू आणि लिहू शकेल. तिथल्या प्राध्यापकांच्या संघटनेची आकडेवारी अशी आहे की १९८७ साली साधारण ४७ टक्के शिक्षक हंगामी स्वरूपाच्या नेमणुकीवर होते, २०२१ साली ६८ टक्के. त्यांच्यातले अ‍ॅडजंक्ट म्हणजे आपले सीएचबीवालेच. एका कोर्सचे ठरावीक पैसे, आणि पुढच्या सेमिस्टरला कोर्स मिळेलच याचा भरवसा नाही. एकाच दिवशी दोन-तीन कॉलेजांत गाडीने फिरून शिकवणारे तिथेही आहेत. वहिनीची एसटी आणि त्यांची जुनी कार, एवढाच फरक. ब्रिटनमध्ये तर संसदेने १९८८ च्या शिक्षण कायद्यातून नव्या नेमणुकांचं टेन्युअर काढूनच टाकलं.

जर्मनीची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. तिथे २००७ साली एक कायदा झाला. विद्यापीठातल्या संशोधकाला पीएच.डी.च्या आधी सहा आणि नंतर सहा वर्षं मुदतीच्या करारांवर ठेवता येतं. तोवर कायम जागा मिळाली तर ठीक, नाहीतर चाळिशीच्या उंबरठ्यावर दुसरा धंदा शोधा. सरकारी खात्याने हे समजावून सांगायला कार्टूनचा व्हिडिओ केला. त्यात हन्ना नावाची एक तरुण संशोधक असते, आणि व्हिडिओ सांगतो की अशा मुदतीमुळे व्यवस्था तुंबत नाही, नव्यांना जागा होते. २०२१ मध्ये हा व्हिडिओ लोकांच्या नजरेत आला आणि हजारो संशोधकांनी 'मी हन्ना आहे' असं म्हणत आपापल्या करारांच्या कहाण्या जाहीर लिहिल्या. नाली तुंबू नये म्हणून काढलेला गाळ म्हणजे आपण, असं कोणाला ऐकून घ्यावंसं वाटेल?

आणि आपला अकरा महिन्यांचा ब्रेक जपानलाही माहीत आहे. तिथे २०१३ पासून नियम असा की संशोधकाचा करार सलग दहा वर्षांपलीकडे गेला की तो कायम नोकरीचा हक्क मागू शकतो. मग २०२३ च्या मार्चमध्ये, दहा वर्षं भरायच्या आत, काही संस्थांनी करार संपवायला घेतले. कायद्याची जी रेषा कामगाराच्या बाजूने आखावी, तिच्या एक पाऊल अलीकडे मालक थांबतो. हे कळायला काही जपानी भाषा यायला नको.

सगळीकडे असं का व्हावं? मला समजलं ते असं. विद्यार्थी वाढले, पण दर विद्यार्थ्यामागे सरकारचा पैसा त्या वेगाने वाढला नाही. अ‍ॅडमिशन किती होतील हे दरवर्षी बदलतं. आपल्या भाषेत, इन्कम व्हेरिएबल झाली. कायम शिक्षक म्हणजे डेड लोड, तो हलवता येत नाही. करारावरचा म्हणजे लाईव्ह लोड, गरज असली की ठेवा, नसली की उचला. हिशोबनिसाच्या बाजूने हे बरोबरच दिसतं. पण स्ट्रक्चर शिकलेल्यांना मी काय सांगावं? कॉलम काढून घेऊन स्लॅब तसाच राहील असं गृहीत धरता येत नाही.

आणि नियमांत हे लिहिलेलं नाही असंही नाही. यूजीसीच्या २०१८ च्याच नियमावलीत आहे की करारावरचे शिक्षक एकूण पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत आणि त्यांचं मानधन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण पगारापेक्षा कमी नसावं. दादाला मी हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीचा नवा मसुदा आला तेव्हा त्यात ती १० टक्क्यांची अट नव्हती.

लोक गप्प बसलेत असं मात्र नाही. २०१३ साली महाराष्ट्रातल्या प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर फेब्रुवारी ते मे बहिष्कार टाकला होता. सहाव्या आयोगाची थकबाकी आणि १९९१ ते २००० या काळात नेट-सेटशिवाय लागलेल्यांचा प्रश्न, या मागण्या होत्या. आपल्याकडे 'नुटा' त्यात पुढे होती. मामाही होता. त्यांचा ७१ दिवसांचा पगार रोखला गेला आणि त्यासाठी पुढे कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. तेव्हा विद्यार्थ्यांचे निकाल लांबले, लोकांनी प्राध्यापकांना भरपूर शिव्या घातल्या. मामा म्हणतो, त्यातल्या काही बरोबरही होत्या. पण तो पुढे जे बोलला ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ते भांडले ते परमनंट होते म्हणून. रोजंदारीवाला बहिष्कार कसा टाकणार, त्याचा तर तासच जातो.

तरी अमेरिकेत हंगामीवाल्यांनीच करून दाखवलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सगळ्या कॅम्पसमध्ये टीचिंग असिस्टंट, पोस्टडॉक, संशोधक असे सुमारे ४८,००० जण संपावर गेले. आपले एमएसला गेलेले सीनिअर्स टीए-आरए म्हणून जी कामं करतात, तीच कामं करणारे हे लोक. काहींचा संप सहा आठवडे चालला आणि पगारात चांगली वाढ मिळाली.

आणि अगदी आपल्या क्षेत्रातली बातमी ऑगस्ट २०२५ ची. गुजरातमधल्या सरकारी इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निक कॉलेजांतले करारावरचे सहायक प्राध्यापक वर्षानुवर्षं महिना ३०,००० रुपयांवर काम करत होते. शेजारच्या वर्गात तेच शिकवणाऱ्या नियमित शिक्षकाला त्याच्या चौपटीहून जास्त. सुप्रीम कोर्टाने या करारवाल्यांना सहायक प्राध्यापकाच्या वेतनश्रेणीतला किमान पगार द्यायला सांगितलं. समारंभात गुरूला ब्रह्मा-विष्णू म्हणायचं आणि पगाराच्या वेळी असं वागायचं, यावरही कोर्टाने चांगलंच सुनावलं. दादाने तो निकाल मोबाईलवर डाऊनलोड करून ठेवला आहे. तो सरकारी कॉलेजांतल्या शिक्षकांचा आहे, खाजगीवाल्याला तो सरळसरळ लागू होत नाही हे त्याला माहीत आहे. तरी ठेवला आहे.

माझं काय ठरलं, असं माझी रूममेट मला रोज विचारते. गेटचा फॉर्म भरला आहे. एम.टेक. करणार. त्यापुढचं माहीत नाही. प्रोजेक्टसाठी एक रेकमेंडेशन लेटर हवं होतं, तर सेकंड इयरला ज्यांनी मला हा विषय आवडायला लावला ते सर आता कुठल्या कॉलेजात आहेत ते ऑफिसलाही सांगता आलं नाही. शेवटी एका सीनिअरकडून नंबर मिळाला. ते सध्या पुण्यात एका कंपनीत आहेत. लेटर त्यांनी त्याच रात्री पाठवलं, पण खाली कोणतं पद लिहू, असं मला विचारलं.

दिवाळीत वहिनी बिलासाठी तिच्या वहीतल्या तासांची बेरीज करत बसली होती, तेव्हा मी पट्टी घेऊन तिच्या वहीत उजवीकडे आणखी एक उभा रकाना आखून दिला. वर्गाबाहेरचे तास. वह्या, ट्यूटोरियल, प्रॅक्टिकलची जुळवाजुळव, एसटी स्टँडवर थांबवून डाऊट विचारणारी मुलं, सगळं त्यात लिहायचं. "याचे पैसे कोण देणार?" वहिनी म्हणाली, पण रकाना खोडला नाही. सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात डावीकडे ९ तास होते. उजवीकडे १७.